बहिऱ्या लेकरांना शिकवायला बहिरी टीचर का चालत नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दहावीच्या निकालानंतर तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर कर्णबधिर विद्यालयाचा निकाल शंभर टक्के लागला अशी बातमी आली होती, पोरं हातात पेढे घेऊन उभी आणि खाली सरांचं म्हणणं की आता या मुलांना आयटीआय, शिवणकाम, बेकरी, कॉम्प्युटर टायपिंग अशा कोर्सला घालायचा विचार आहे. बातमी छानच होती, एरवी या शाळांची बातमी येते ती अनुदान रखडलं की नाहीतर काहीतरी वाईट घडलं की, त्यामुळे बरं वाटलं. पण ती यादी वाचून मला जे खटकलं ते लिहायला बसले आणि फोनवर टाइप करता करता हे एवढं लांबलं, तर जागा कमी असेल तर पुढचं मागचं कापा पण कॉलेजचं जे लिहिलंय ते कापू नका. खटकलं ते हे, की एवढ्या सगळ्या कामांत याच पोरांनी शिकून पुढं अशाच बारक्या बहिऱ्या लेकरांना शिकवायचं हे काम कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. बेकरी येते डोक्यात, शाळा नाही येत.

मी सातारा जिल्ह्यात एका छोट्या गावात अंगणवाडी सेविका आहे. माझी थोरली मुलगी जन्मापासून बहिरी, दोन्ही कानांनी. आमच्या घरात नाही, माझ्या माहेरी नाही, सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही, आणि हे काही आमच्याच बाबतीत नाही, बहिऱ्या मुलांपैकी शंभरात नव्वदच्या वर मुलं अशीच ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. म्हणजे होतं काय, की लेकरू घरात एकटंच बहिरं, गल्लीत एकटंच, बऱ्याचदा गावातही एकटंच. माझ्या मुलीनं मोठी झाल्यावर एकदा मला सांगितलं की लहानपणी तिला वाटायचं मोठं झालं की आपोआप ऐकू यायला लागतं. का तर तिनं मोठं बहिरं माणूस कधी बघितलंच नव्हतं! सगळी मोठी माणसं ऐकणारी, म्हणजे आपणही मोठं झाल्यावर ऐकणार, लहान लेकराचा हिशेब बरोबरच होता की. हे ऐकून माझ्या पोटात कसंतरी झालं होतं.

तिची शाळा निवासी होती. वर्गात सगळं ओठांवर, बाई तोंडाकडं बघायला लावायच्या आणि हात हलवले की हात खाली कर म्हणायच्या. आता ओठांवरून ओळखणं किती अवघड असतं ते कुणीही आरशासमोर उभं राहून करून बघावं, पापा बाबा मामा तिन्ही शब्द आवाज न काढता म्हणा, ओठ तिन्ही वेळा अगदी सारखेच हलतात. बाईंचा दोष नाही, त्यांना ट्रेनिंगच तसलं मिळालेलं. पण माझी मुलगी खरं जे शिकली ते रात्री हॉस्टेलवर, आठवी नववीच्या मुलींकडून. घरच्यांची आठवण आली तर ती कशी सांगायची, पाळी म्हणजे काय, मुख्यमंत्री कोण, पाऊस कुठून येतो, सगळं त्या मोठ्या मुलींनी हातांनी सांगितलं. म्हणजे बहिऱ्या मुली बहिऱ्या मुलींना शिकवत होत्याच, फुकट, जेवणं झाल्यावर, कुणी त्याला शिक्षण म्हटलं नाही एवढंच.

आता माझ्या अंगणवाडीचं सांगते. आमच्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा येते, डॉक्टर लेकरांची तपासणी करतात, त्यात वस्तीवरचा एक मुलगा निघाला, चौथं लागलेलं, आवाज दिला तर वळत नाही. मग जिल्ह्याला पाठवलं, बेराची म्हणजे कानाच्या नसेची टेस्ट झाली, मशीन मिळालं कानाचं. पुढं? पुढं काही नाही. मशीन घातलं की तो काढून फेकायचा, इतर पोरांना चावायचा, त्याच्या आईनं मशीन चिकटपट्टीनं कानामागं चिकटवून बघितलं, तर त्यानं पट्टीसकट ओढून काढलं. मी काय करणार, मला पोषण ट्रॅकर भरायचा, वजनं करायची, आहार वाटायचा आणि बाकीची पंचवीस तीस पोरं.

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी घरी होती तेव्हा ती आली अंगणवाडीत. आधी तिनं जागा बदलली, मी नेहमी खिडकीकडं पाठ करून बसते तर ती समोर जाऊन बसली, उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी. मग हाक नाही मारली, अर्थातच, फरशीवर तळहातानं दोनदा थापटलं. त्या पोराला पायाला कळलं आणि तो वळला. चित्राचं पुस्तक तिनं मांडीवर नाही ठेवलं, हनुवटीच्या खाली धरलं, म्हणजे चित्र आणि तिचा चेहरा एकाच नजरेत येईल, आम्ही कसं करतो तर पुस्तकाकडं बोट दाखवतो आणि त्याच वेळी बोलतो, बहिऱ्या लेकरानं बघायचं कुठं? चित्र बघावं तर तोंड सुटतं आणि तोंड बघावं तर चित्र सुटतं. तो चावायला आला तेव्हा मी त्याचे हात धरायला गेले तर तिनं मला मागं ढकललं आणि म्हणाली, हातानंच म्हणाली, आई हात धरू नको, हात धरलं की त्याचं बोलणंच बंद झालं.

मग तिनं काऊचिऊची गोष्ट सांगितली. काऊचं घर शेणाचं चिऊचं घर मेणाचं, ती. डावीकडं हवेत चिऊचं घर, उजवीकडं काऊचं, दोन्ही घरं तिनं जागेवर ठेवून दिली आणि पुढं नुसती मान त्या बाजूला वळवली की कळायचं आता कोण बोलतंय. पाऊस आला तो आधी बोटांच्या टोकांवर आला, मग मनगटातून, मग अख्ख्या खांद्यातून, आणि शेणाचं घर तिच्या हातातून असं वाहून गेलं की माझी बाकीची पोरंसुद्धा गप झाली. तो मुलगा तिच्या हातांकडं तोंड उघडं ठेवून बघत होता. सुट्टी संपायच्या आत तो स्वतः हवेत घर बांधायला लागला होता, आणि एक दिवस त्यानं भुवया गोळा करून रिकाम्या घराकडं बोट केलं, काऊ कुठं गेला म्हणून. प्रश्न विचारला हो त्यानं. त्याआधी त्याला फक्त हवंय आणि नको एवढंच सांगता यायचं.

आणि त्याच्या आईचं तर वेगळंच. ती बाई रोज दारात उभी राहून लेकाकडं कमी आणि माझ्या मुलीकडं जास्त बघायची. मला विचारायची, बाई ही स्कूटी चालवती? हिला पैशाचा हिशेब येतो? हिचा फोन ही स्वतः वापरती? मुलीनं तिच्या समोर भाजीवाल्याला मोबाइलवर टाइप करून भाव कमी करायला लावला तेव्हा ती बाई रडायचीच बाकी होती. डॉक्टरनं तिला टक्के सांगितले होते, अमुक टक्के बहिरेपणा, सर्टिफिकेट, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, योजना. लेकरू मोठं झाल्यावर कसं दिसेल ते कुणी दाखवलं नव्हतं. ते नुसतं दाखवण्यासाठी तरी जिल्ह्याच्या दवाखान्यात जिथं लहान मुलांचं लवकर निदान करायचं केंद्र असतं तिथं एक शिकलेली बहिरी मुलगी किंवा मुलगा पगारावर बसवायला काय हरकत आहे मला कळत नाही. अमेरिकेत युटा राज्यात असला कार्यक्रमच आहे म्हणे, मोठी बहिरी माणसं लहान बहिऱ्या मुलाच्या घरी जातात आणि आईबापाला भाषा शिकवतात.

हे सगळं बघून कुणीही म्हणेल की मग घाला की पोरीला टीचरच्या कोर्सला. घातली असती. तिची बारावी झाल्यावर आम्ही एका डी.एड. स्पेशलच्या, म्हणजे विशेष शाळेतल्या मास्तरांच्या ट्रेनिंगच्या कॉलेजात गेलो, नाव लिहीत नाही कारण मला भांडण नकोय आणि तिथली माणसं वाईट नव्हती, चहा पाजला त्यांनी. पण फॉर्म हातात द्यायच्या आधीच म्हणाले, ताई हा कोर्स बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांचा आहे, बहिऱ्यांचा नाही. मी म्हटलं कुठं लिहिलंय? तर लिहिलेलं कुठंच नव्हतं. मग एकेक अडचण काढायला लागले. मुलाचं मशीन चालू आहे का ते कानाला नळी लावून ऐकून तपासायचं प्रॅक्टिकल असतं, ते ही कशी करणार. आ, ऊ, ई, श, स, म असे सहा आवाज काढून मुलाला ऐकू येतंय का बघायचं असतं, ते कसं करणार. लेसन घेताना आवाज आणि उच्चाराला मार्क असतात, ते कुठून आणणार. वर्गात लेक्चर चालू असताना इंटरप्रिटर लागेल तर त्याचा खर्च तुम्ही करणार का.

मी दहावी शिकलेली बाई, पण मलासुद्धा तिथल्या तिथं उत्तरं सुचत होती. मशीनची बॅटरी टेस्टरवर बघता येते, आवाजाची टेस्ट शेजारी ऐकणारी पार्टनर बसवून करता येते, नाहीतरी शाळेत वाचा उपचाराचे सर वेगळे असतातच की. आणि एक टीचर दोन्ही कामं करेल असं कुणी सांगितलंय? बोलायला शिकवायला ऐकणारी बाई, भाषा आणि गोष्टी आणि गणित समजून सांगायला बहिरी बाई, एका वर्गात दोघी. पण त्यांच्या डोक्यात एकच गणित पक्कं होतं की शिकवणं म्हणजे आवाज काढणं.

मग कुणीतरी सांगितलं दिल्लीला जा. तिथं केंद्र सरकारची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र म्हणून संस्था आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये निघालेली, आणि तिथला सांकेतिक भाषा शिकवायचा दोन वर्षांचा डिप्लोमा खास बहिऱ्या मुलांसाठीच आहे, बारावीनंतर. तसा देशात आणखी मोजक्या ठिकाणी चालतो तो. एकट्या पोरीला दिल्लीला पाठवायचं म्हणजे आमच्याकडं काय काय बोललं गेलं ते सोडा. पण ती गेली आणि मला वाटतं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात बसून सगळंच्या सगळं समजून घेत होती, कारण शिकवणारे बरेचसे स्वतः बहिरे. भाषेचं व्याकरण असतं हे तिला तिथं कळलं, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवया कधी वर आणि कधी खाली, धडा कसा लावायचा, मोठ्यांना कसं शिकवायचं. व्हिडिओ कॉलवर ती मला रोज काहीतरी दाखवायची आणि मी इकडं पोळ्या लाटत लाटत एका हातानं हो हो करायची.

डिप्लोमा घेऊन आली. आता नोकरी. तर एका अनुदानित शाळेत गेलो, तिथले सर खरंच भले, तिचा लेसन बघितला त्यांनी, वर्गातली पोरं तिला सोडायला तयार नव्हती. सर म्हणाले मुलगी सोनं आहे पण आमच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, सांकेतिक भाषा शिक्षक असं पदच नाही, मुख्याध्यापक आहे, विशेष शिक्षक आहे, वाचा उपचार तज्ज्ञ आहे, अधीक्षक, स्वयंपाकी, काळजीवाहक, शिपाई. विशेष शिक्षकाला डी.एड. स्पेशल पाहिजे. काळजीवाहकाची जागा निघाली तर नक्की कळवतो म्हणाले. म्हणजे बघा, बहिऱ्या लेकराचं अंथरूण घालायला बहिरी बाई चालते, त्याला वाचायला शिकवायला चालत नाही. सरकारनं एका हातानं कोर्स काढला आणि दुसऱ्या हातानं त्या कोर्सचं पदच ठेवलं नाही. ती सध्या साताऱ्यात एका कपड्याच्या दुकानात टॅग लावते. काम वाईट नाही, मालक पगार वेळेवर देतात.

आता कायदा काय म्हणतो ते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यातल्या कलम १७ मध्ये सरकारनं काय काय करायचं ते दिलंय आणि त्यात सरळ लिहिलंय की शिक्षक तयार करायचे आणि नेमायचे, त्यात सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे दिव्यांग शिक्षकसुद्धा. नुसतं बहिऱ्यांना शिकवा असं नाही, दिव्यांग शिक्षक नेमा असं. कलम ३४ मध्ये नोकरीत ४ टक्के आरक्षण आणि त्यातला १ टक्का बहिरे आणि कमी ऐकू येणाऱ्यांना. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यात भारतीय सांकेतिक भाषा देशभर प्रमाण करू आणि तिच्यात अभ्यासाचं साहित्य तयार करू असं आहे. जुलै २०२१ मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं की ही भाषा आता शाळेत विषय म्हणून घेता येईल. दिल्लीच्या त्याच संस्थेनं डिक्शनरी काढली, २०२१ मध्ये तिच्यात दहा हजार शब्द झाले. डिसेंबर २०२४ पासून टीव्हीवर पीएम ई-विद्याचं ३१ नंबरचं चॅनेल खास या भाषेसाठी आहे. म्हणजे डिक्शनरी आहे, चॅनेल आहे, विषय आहे. शिकवणार कोण? ज्यांची ही रोजची भाषा आहे त्यांना आपण टॅग लावायला बसवलंय.

माझी मुलगी आणि तिच्या ग्रुपवरची पोरं व्हिडिओतून एकमेकांना इतिहास सांगत असतात, तिनं मला सांगितलेलं इथं थोडक्यात लिहिते कारण आपल्याला वाटतं हे काहीतरी नवीन खूळ आहे. अमेरिकेत बहिऱ्यांची पहिली कायमची शाळा हार्टफोर्डला १८१७ साली निघाली तेव्हा तिथं शिकवायला फ्रान्सहून जो माणूस आणला होता तो लॉरें क्लेर्क स्वतः बहिरा, पॅरिसच्या बहिऱ्यांच्या शाळेत शिकून तिथंच मास्तर झालेला. त्याच्या हाताखाली पुढचे मास्तर तयार झाले आणि १८७० च्या आसपास तिकडच्या शाळांत दहातले चारेक मास्तर बहिरे होते. मग १८८० मध्ये इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली, दीडशेच्या वर माणसं, त्यात बहिरा एक, आणि त्यांनी ठराव करून टाकला की शाळेत हातवारे बंद, फक्त बोलणं. झालं, बहिऱ्या मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडं मुंबईत बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली ती याच दशकात, म्हणजे आपण सुरुवातच त्या वाऱ्यात केली. २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी! आमच्या कॉलेजातल्या त्या सरांपर्यंत तो खेद अजून पोचलेला नाही.

आणि अँड्र्यू फॉस्टर म्हणून एक अमेरिकेतला काळा माणूस, लहानपणी मेंदूज्वरानं बहिरा झालेला, गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजातून १९५४ ला पदवी घेतली, अशी पदवी मिळवणारा तो पहिला काळा बहिरा विद्यार्थी. तो १९५७ ला घानाला गेला आणि पुढच्या तीस वर्षांत आफ्रिकेतल्या देशांमधून तीसच्या वर शाळा काढल्या, आणि त्या चालवायला नायजेरियात बहिऱ्या पोरांनाच ट्रेनिंग देऊन मास्तर केलं. तिकडं पैसा नव्हता, इमारती नव्हत्या, इंटरप्रिटर तर नव्हतेच. मी हे ऐकल्यापासून इंटरप्रिटरचा खर्च कोण करणार या प्रश्नावर माझं डोकंच फिरतं.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल आई आहे म्हणून बोलते. बहिरी आहे म्हणून कुणी आपोआप चांगली टीचर होत नाही, ऐकणारे सगळे कुठं चांगले मास्तर असतात. आणि आपल्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच बहिऱ्या मुलांचं लिहिलेलं मराठी कच्चं असतं हे खरं आहे, विभक्ती चुकते, मी बाजार गेला काल असं लिहितात, माझ्या मुलीचंही चुकायचं. त्यांनी पुढं थिअरीचे पेपर कसे लिहायचे? तर त्याची मुळं मागं आहेत. बोर्ड या मुलांना सवलत देतं, एकच भाषा घेतली तरी दहावी होते, सवलत चांगल्या मनानं दिलेली आहे आणि शाळाही निकाल चांगला लागतो म्हणून तीच घ्यायला लावतात. पण साध्या शाळेत शिक्षक म्हणून लागायचं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि टीईटीच्या १५० मार्कांत भाषा एक ३० मार्कांची आणि भाषा दोन पण ३० मार्कांची. म्हणजे ज्या पोरीला दहावीपर्यंत दुसरी भाषा शिकवलीच नाही तिला पुढं त्याच दुसऱ्या भाषेचा पेपर. दहावीला उपकार केले आणि तेविसाव्या वर्षी व्याजासकट वसूल केले. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत का हो कधी?

त्यामुळे नुसती जागा काढून भागणार नाही, बारावीनंतर एक वर्ष तरी लिहिण्या वाचण्याची तयारी करून घेणारा वर्ग पाहिजे आणि तो सांकेतिक भाषेतून पाहिजे, मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवणारा. नंतर डी.एड. स्पेशलमध्ये ठरलेल्या जागा, प्रत्येक वर्गाला सरकारी पगारावर इंटरप्रिटर, आणि जी प्रॅक्टिकल्स ऐकण्यावर अवलंबून आहेत त्यांना पर्याय. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची केंद्राची मोठी संस्था आहे, आपल्या राज्यात आहे, राज्यानं तिला सोबत घेऊन हे सहज करता येईल. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्राला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, देशातलं पहिलं खातं म्हणून जाहिराती आपण सगळ्यांनी वाचल्या, मग त्या खात्यानं विशेष शाळांच्या आकृतिबंधात एक ओळ वाढवावी एवढंच मागणं आहे. पैसे नाहीत म्हणू नये, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की किती दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक ते ठरवा, आणि केंद्रानं २०२२ मध्ये ठरवलं की प्राथमिकला दहा मुलांमागं एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरामागं एक. त्या जागा आज ना उद्या भरायच्याच आहेत. भरताना त्यात बहिरे उमेदवार किती येणार हे आत्ता ठरलं नाही तर भरती होऊन जाईल आणि परत तीस वर्षं वाट बघा, कारण एकदा लागलेला मास्तर रिटायर होईपर्यंत हलत नाही.

काही पालक मला म्हणतात, सेविकाबाई तुम्ही हातवाऱ्यांचं एवढं कौतुक करता, आमचं पोर बोलायचं बंद होईल. माझी मुलगी मशीन वापरते आणि मोडकंतोडकं बोलतेही, तिच्या बापाला तिचं सगळं बोलणं कळतं. हात वापरले म्हणून तोंड बंद पडलं असं मी तरी बघितलं नाही. कॉक्लिअरचं, म्हणजे कानाच्या आत मशीन बसवायचं ऑपरेशन आता सरकारी योजनेतून होतं, चांगलंच आहे, करा. पण ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं थेरपी लागते आणि ती तालुक्याला मिळत नाही, वायर तुटली, वरचं मशीन बिघडलं की पोर महिना महिना काहीच न ऐकता बसतं. त्या महिन्यात ते कोणत्या भाषेत भूक लागली म्हणणार? दोन्ही असू द्यात की. लहानपणीची चार पाच वर्षं भाषेशिवाय गेली तर ती नंतर भरून येणं फार अवघड, हे अंगणवाडीत आम्हालाच ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

२०११ च्या जनगणनेत ऐकू न येणारी माणसं देशात पन्नास लाखांच्या वर आणि आपल्या महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या आसपास मोजली होती. त्यात शिकवायची हौस आणि अंगात कला असलेली मुलं निघणारच नाहीत असं थोडंच आहे. माझ्या मुलीच्या दिल्लीच्या बॅचमधली महाराष्ट्रातली मुलं आहेत, एक जण कुरिअरच्या गोडाउनला, एक जण घरीच.

मी आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्याला लेखी अर्ज दिलाय, की तालुक्यातल्या अंगणवाड्यांत जी बहिरी लेकरं सापडली आहेत त्यांना आठवड्यातून दोन दिवस एका जागी जमवा आणि माझ्या मुलीला मानधनावर शिकवू द्या, मानधन नसेल तर निदान एसटीचं भाडं द्या, आणि आधी सहा महिने चालवून बघा, नाही जमलं तर बंद करा. अर्जासोबत तिच्या डिप्लोम्याची झेरॉक्स आणि त्या वस्तीवरच्या मुलाच्या आईची सही जोडली आहे. तिनं सही करताना विचारलं होतं, सोमवारपासून का? अर्जाची पोच माझ्याकडं आहे. उत्तर आलं की तुम्हाला कळवते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती, मानधनावर आहे)